विंडोज ११ ची मासिक अपडेट: बंद करावीत, लांबवावीत की आली की घ्यावीत?

कळफलक

बारा संगणकांसाठी अपडेटचं एक धोरण ठरवायचं आहे. सगळीकडे विंडोज ११, आवृत्ती २४एच२. आठ मशीनवर प्रो, चारांवर होम. मध्यवर्ती सर्व्हर नाही, डोमेन नाही. प्रत्येक मशीन आपलं आपण इंटरनेटवरून अपडेट घेतं.

त्रास कोणालाच नवा नाही. दर महिन्याला एक सक्तीचं अपडेट, महिनाअखेरीकडे एक ऐच्छिक, मध्येच एखादं तातडीचं, शिवाय ड्रायव्हर वेगळे. प्रत्येक रीस्टार्टनंतर प्रिंटर, व्हीपीएन, आवाज, जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर हे सगळं तपासत बसायचं म्हटलं तर खरं काम करायचं कधी? म्हणूनच 'सर्व्हिसेस उघडा, विंडोज अपडेट डिसेबल करा, सुटलात' हा सल्ला जिथं तिथं मिळतो.

मला चार गोष्टी नेमक्या हव्या आहेत. डिसेबल केलं तर ते टिकतं का, आणि त्याची किंमत काय? लांबवायचं तर किती दिवस, आणि प्रो व होमवर ते कुठून करायचं? अपडेटनंतर मशीन बिघडलं किंवा सुरूच झालं नाही, तर माघारी फिरण्याचा क्रम काय? आणि अपडेट बसतच नसेल, कोड दाखवून परत फिरत असेल, तर कोणत्या कोडला काय करायचं? 'एकदा फॉरमॅट मारा' हे उत्तर नको.

रात्रपाळी

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

डिसेबल केलेलं टिकत नाही. विंडोज अपडेटच्या सर्व्हिसवर नजर ठेवायला 'विंडोज अपडेट मेडिक सर्व्हिस' बसवलेली असते. मुख्य सर्व्हिस बंद दिसली की ती पुन्हा चालू करते. मेडिकलाही रजिस्ट्रीतून गप्प केलं, तर दुसरीकडे गळती सुरू होते: मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ॲप उतरवताना ०एक्स८००७०४२२ येतो. त्या कोडचा अर्थच 'सर्व्हिस डिसेबल आहे' असा आहे. आणि सहा महिन्यांनी कुणीतरी सर्व्हिस चालू केली, की साठलेलं सगळं एका दमात अंगावर येतं. मासिक अपडेट क्युम्युलेटिव्ह असतं, म्हणजे मधल्या सगळ्या महिन्यांचे बदल त्यातच असतात. त्यामुळे एवढी मोठी उडी मारल्यावर काही मोडलं, तर ते नेमकं कशानं मोडलं हे शोधणं जवळपास अशक्य होतं.

सुरक्षेच्या बाजूचं एकच उदाहरण देतो, कारण त्यातल्या तारखा धोरण ठरवायला थेट उपयोगी पडतात. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ज्या भगदाडातून शिरला, त्याचा पॅच १४ मार्च २०१७ ला आला होता. हल्ला सुरू झाला १२ मे २०१७ ला. मध्ये ५९ दिवस होते. दहा दिवस उशीर करणारा वाचला, महिनाभर करणाराही वाचला. कायमचं बंद ठेवणारा सापडला. म्हणून बंद करू नका, लांबवा, आणि किती लांबवायचं तो आकडा ठरवून लिहून ठेवा.

सक्तीचं अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं, म्हणजे ८ ते १४ तारखेच्या दरम्यान. मोठा दोष असेल तर पहिल्या आठवडाभरातच बोंब होते. मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज रिलीज हेल्थ' पानावर तो ज्ञात दोष म्हणून नोंदला जातो आणि पुष्कळदा तातडीची दुरुस्तीही येते. म्हणून ८ ते १० दिवस पुरेसे. १० ठेवलेत तर अपडेट पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारी येईल. सुट्टीच्या तोंडावर बिघाड नको असेल तर ८ ठेवा, बुधवार पडतो. माझं मत ८ ला.

प्रोवर जीपीएडिट (ग्रुप पॉलिसी एडिटर) उघडा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन > ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स > विंडोज कॉम्पोनन्ट्स > विंडोज अपडेट > 'मॅनेज अपडेट्स ऑफर्ड फ्रॉम विंडोज अपडेट'. तिथं:

- 'सिलेक्ट व्हेन क्वालिटी अपडेट्स आर रिसीव्ह्ड': क्वालिटी म्हणजे मासिक अपडेट. एनेबल, ८ दिवस. इथं कमाल ३० चालतात.
- 'सिलेक्ट द टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन': प्रॉडक्टच्या रकान्यात विंडोज ११, आवृत्तीच्या रकान्यात २४एच२. मशीन त्या आवृत्तीवर थांबतं, मासिक सुरक्षा मात्र येत राहते. होम आणि प्रोसाठी २४एच२ चा आधार (मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट) १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो. त्याआधी हा आकडा बदलायलाच हवा. आधार संपून ६० दिवस झाले की ही अट पाळली जात नाही, मशीन आपोआप पुढच्या आवृत्तीवर ढकललं जातं.
- 'डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स': एनेबल. हे केलंत की ड्रायव्हर आणि फर्मवेअर मशीन बनवणाऱ्या कंपनीकडून स्वतः आणायची जबाबदारी तुमची. तरीही प्रिंटर आणि ग्राफिक्ससाठी हेच बरं. सुरक्षेचा पॅच आणि ड्रायव्हर एकाच रात्री बदलले, तर दोष कोणाचा हे कळत नाही.

वर्षाकाठी येणारं फीचर अपडेट घाईनं घेऊ नका. आवृत्ती १८०९ हे २ ऑक्टोबर २०१८ ला सुटलं आणि ६ ऑक्टोबरला थांबवावं लागलं, कारण काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली त्यात पुसल्या जात होत्या. ते परत आलं १३ नोव्हेंबरला. पहिल्या चार दिवसांत ज्यांनी ते घेतलं नाही त्यांचं काहीच बिघडलं नाही.

होमवर जीपीएडिट नाही. तिथं सेटिंग्ज > विंडोज अपडेट > 'पॉज अपडेट्स'. १ ते ५ आठवडे निवडता येतात. मुदत संपली की आधी साठलेलं घ्यावं लागतं, मगच पुन्हा पॉज करता येतं. पॉज हा सगळ्यालाच लागतो, त्यात निवड नाही. डिफेंडरच्या व्हायरस-व्याख्या मात्र पॉजमध्येही येत राहतात. चारच मशीन आहेत, तेव्हा दुसऱ्या मंगळवारी सकाळी एक आठवड्याचा पॉज लावायचा आणि मुदतीनंतर घ्यायचं, इतकं सोपं ठेवा.

बाराही मशीनवर 'गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल' हे बटण बंद हवं. महिनाअखेरीचं ऐच्छिक अपडेट हा पुढच्या मंगळवारी येणाऱ्या बदलांचाच आगाऊ नमुना असतो. ज्या दोषाचा तुम्हाला खरोखर त्रास आहे तो त्यात दुरुस्त झाला असेल, तरच ते हातानं घ्या.

आणखी एक. आठपैकी दोन प्रो मशीन उशीर न लावता ठेवा. सगळ्यांत नवी मशीन त्यासाठी निवडू नका. ज्यांना तो अडेल प्रिंटर आणि ते जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर जोडलेलं आहे अशीच निवडा. तिथं आठ दिवस सगळं नीट चाललं तर बाकीच्या दहांचं तपासणीचं काम जवळजवळ संपतं. मायक्रोसॉफ्टच्या एखाद्या महिन्याच्या टिपणात एखाद्या भगदाडाचा प्रत्यक्ष गैरवापर चालू आहे असं लिहिलं असेल, तर त्या महिन्यापुरता उशीर २-३ दिवसांवर आणा.

मूषक

रात्रपाळींच्या उत्तरात एक भर: अँटिव्हायरसची स्वतःची अपडेट या उशिराला जुमानत नाहीत. १९ जुलै २०२४ ला सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, ती क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका कंटेंट फाइलमुळे. विंडोज अपडेटचा त्यात संबंध नव्हता. मंगळवारनंतर काही मोडलं की लगेच अपडेट काढायला धावू नका, आधी त्या दिवशी आणखी काय बदललं ते बघा. रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये तारीखवार यादी दिसते.

आता तिसरा प्रश्न. माघारीची तयारी अपडेटच्या आधी करून ठेवावी लागते, नंतर जमत नाही. कमांड इथं उच्चारावरून देवनागरीत देतो आहे. टाइप करताना त्यांची मूळ इंग्रजी स्पेलिंगच लागतील, आणि टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडलेलं हवं.

पहिली तयारी, डिस्कला कुलूप लावणाऱ्या (एन्क्रिप्ट करणाऱ्या) बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की. बाराही मशीनची की कागदावर किंवा वेगळ्या खात्यात हवी. २४एच२ कोरी करकरीत बसवून मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं, तर बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. 'आपण तर बिटलॉकर लावलंच नाही' या समजावर राहू नका. जुलै २०२४ च्या सुरक्षा अपडेटनंतर काही मशीन सुरू होतानाच की मागत होती. त्या वेळी ती हाताशी नसेल तर बाकी सगळी हुशारी वाया जाते. बायोस अपडेट करण्याआधी तर बिटलॉकर सस्पेंड करायलाच हवं.

दुसरी: 'रीएजंटसी /इन्फो' चालवा. उत्तरात स्टेटस एनेबल्ड हवं. डिसेबल्ड असेल तर अडचणीच्या वेळी दुरुस्तीचा निळा मेनू उघडणारच नाही. तिसरी, फीचर अपडेट घेतल्यावर परत फिरायची मुदत एरवी १० दिवसच असते. 'डिसम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:६०' या कमांडनं ती ६० दिवसांपर्यंत वाढते (डिसम हे विंडोजचंच देखभालीचं साधन). ही फीचर अपडेट झाल्यावर, १० दिवसांच्या आत चालवायची. तोवर विंडोज.ओल्ड हे फोल्डर डिस्कवर जागा अडवून बसतं. ते डिस्क क्लीनअपमधून उडवलंत तर मुदत कितीही असो, रस्ता बंद.

मशीन सुरू होतंय पण काहीतरी चालत नाही, अशा वेळी आधी रिलीज हेल्थ पानावर आपला दोष शोधा. तिथं 'नोन इश्यू रोलबॅक' असं लिहिलं असेल तर अपडेट काढू नका. त्या प्रकारात जुना कोड फाइलमध्ये शाबूत ठेवलेला असतो आणि दुरून एक खूण बदलून तो पुन्हा जागा करतात. तुमच्यासारख्या डोमेनबाहेरच्या मशीनवर हे आपोआप पोचतं, साधारण २४ तासांत. मध्ये एकदोनदा रीस्टार्ट केलं तर लवकर. सुरक्षेच्या बदलांना मात्र ही सोय नाही.

तसं काही नसेल तर सेटिंग्ज > विंडोज अपडेट > अपडेट हिस्टरी > 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. काढून झाल्याबरोबर, त्याच बसणीत, पॉज लावा. नाहीतर रात्री तेच अपडेट परत येतं, आणि हे हमखास विसरलं जातं.

मशीन सुरूच होत नसेल तर: पडद्यावर बदल मागे घेत असल्याचा संदेश फिरत असेल आणि डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर हात लावू नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर त्याला दोन-तीन तासही लागू शकतात. या टप्प्यावर वीज तोडणं म्हणजे अर्धवट बदललेल्या फाइली हातात घेणं. खरंच अडकलंय याची खात्री झाली, तरच बूट होताना पॉवर बटण दाबून ठेवून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा लागोपाठ झालं की दुरुस्तीचा मेनू येतो. ट्रबलशूट > ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स > 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. मासिक अपडेटसाठी 'लेटेस्ट क्वालिटी अपडेट', वार्षिकसाठी 'लेटेस्ट फीचर अपडेट'.

तेही फसलं तर त्याच मेनूतलं कमांड प्रॉम्प्ट. तिथं विंडोजचा ड्राइव्ह सी असेलच असं नाही. आधी डिस्कपार्टमध्ये (पार्टिशन हाताळायच्या कमांडमध्ये) 'लिस्ट व्हॉल्यूम' बघा. मग 'डिसम /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स', ड्राइव्हचं अक्षर जे असेल ते घालून. अर्धवट राहिलेली अपडेट पुढच्या बूटला लागू होण्याआधीच रद्द होतात. हे सुरू न होणाऱ्या मशीनसाठीच आहे, चालत्या मशीनवर करू नका.

कळफलक

आभारी आहे, कीची यादी आजच करतो. एक विचारायचं राहिलं: मासिक अपडेट कमांडनं काढायला 'डब्ल्यूयूएसए /अनइन्स्टॉल' आणि केबी क्रमांक (अपडेटचा ओळख-क्रमांक) असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते चालत नाही असंही वाचलं. कारण काय?

मूषक

कारण आता मासिक अपडेट आणि ते बसवणारा सर्व्हिसिंग स्टॅक एकाच पॅकेजमध्ये येतात, आणि स्टॅक एकदा बसला की काढता येत नाही. म्हणून त्या जोडीवर डब्ल्यूयूएसए अडतं. त्याऐवजी 'डिसम /ऑनलाइन /गेट-पॅकेजेस /फॉरमॅट:टेबल' करा. यादीत 'पॅकेज_फॉर_रोलअपफिक्स' नं सुरू होणारं लांबलचक नाव शोधा. २४एच२ वर त्यात २६१०० हा बिल्ड क्रमांक दिसेल. एकाहून जास्त असतील तर ज्याची स्थिती इन्स्टॉल्ड आहे ते घ्या. मग 'डिसम /ऑनलाइन /रिमूव्ह-पॅकेज /पॅकेजनेम:' आणि पुढे ते नाव जसंच्या तसं.

जागा वाचवायला कुणी 'स्टार्टकॉम्पोनन्टक्लीनअप' बरोबर '/रीसेटबेस' वापरलं असेल, तर त्याआधी बसलेलं कुठलंच अपडेट काढता येत नाही. जागेसाठी साधं क्लीनअप पुरतं. रीसेटबेसच्या वाटेला जाऊ नका.

बिटबाइट

चौथ्या प्रश्नाचं उत्तर देतो. कोड न बघता सगळे उपाय ओळीनं करत सुटणं ही सर्वांत मोठी चूक आहे. कोड बघून कुठली बाजू बिघडली ते कळतं, आणि त्या बाजूचाच उपाय करायचा.

०एक्स८०२४ नं सुरू होणारे कोड अपडेट उतरवणाऱ्या यंत्रणेचे: सर्व्हरशी बोलणं, उतरलेली फाइल, तिची नोंद. इथं सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन फोल्डरचं नाव बदलणं योग्य. विंडोज अपडेट आणि फाइली उतरवणारी बिट्स या दोन सर्व्हिस 'नेट स्टॉप' नं थांबवा, विंडोज फोल्डरमधल्या सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशनला दुसरं नाव द्या, सर्व्हिस चालू करा, पुन्हा तपासा. फोल्डर पुसण्यापेक्षा नाव बदलणं बरं, परतीची वाट राहते. सेटिंग्जमधली हिस्टरीची यादी यानंतर रिकामी दिसेल. अपडेट गेलेली नसतात, फक्त यादी जाते.

०एक्स८००७००७० म्हणजे जागा नाही. मासिक अपडेटसाठी १० जीबी आणि फीचर अपडेटसाठी २५-३० जीबी मोकळी ठेवली की हा विषय संपतो.

०एक्स८००७३७१२ आणि ०एक्स८००एफ०८१एफ हे कॉम्पोनन्ट स्टोअरचे, म्हणजे विनएसएक्सएस फोल्डरमधल्या मूळ फाइली गहाळ किंवा खराब. इथं सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन दहादा पुसलंत तरी उपयोग नाही. आधी 'डिसम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ', मग 'एसएफसी /स्कॅननाऊ' (विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी कमांड). क्रम उलटा करू नका: एसएफसी चांगली प्रत स्टोअरमधूनच उचलतं, आणि स्टोअरच खराब असेल तर ते आणणार कुठून? डिसम ६२ टक्क्यांच्या आसपास बराच वेळ थांबलेलं दिसलं तरी खिडकी बंद करू नका. त्यालाच ०८१एफ आला तर चांगल्या फाइली तुम्ही पुरवायच्या: त्याच आवृत्तीची आयएसओ (विंडोज बसवायची फाइल) डबल क्लिक करून जोडा आणि कमांडला '/सोर्स:विम:डी:\सोर्सेस\इन्स्टॉल.विम:१ /लिमिटॲक्सेस' जोडा. शेवटचा १ हा आवृत्तीचा क्रमांक. प्रोचा वेगळा, होमचा वेगळा, तो 'डिसम /गेट-विमइन्फो' नं बघून घ्या. काही आयएसओत फाइल विम नसून ईएसडी असते, तिथं दोन्ही ठिकाणी ईएसडी लिहा.

०एक्स८००एफ०९२२ ला सहसा दोन कारणं: व्हीपीएन चालू असल्यानं सर्व्हरशी जोडणी न होणं, किंवा बूटसाठी राखीव असलेलं छोटं पार्टिशन भरलेलं असणं. आधी व्हीपीएन तोडून बघा, ते फुकटात होतं.

फीचर अपडेट फसलं तर कोड जोडीनं येतो, उदाहरणार्थ ०एक्ससी१९००१०१ आणि पुढे ०एक्स२००१७. पहिला म्हणतो 'बहुधा ड्रायव्हर'. दुसऱ्याचा पहिला अंक टप्पा सांगतो: २ म्हणजे रीस्टार्टनंतरचा सेफ ओएस टप्पा, ३ पहिला बूट, ४ दुसरा बूट. २ वर अडलं तर कीबोर्ड, माउस, पडदा सोडून सगळं उपटा (डॉक, यूएसबी हब, कार्ड रीडर) आणि बाहेरचा अँटिव्हायरस काढून पुन्हा करा. नेमकं नाव हवं असेल तर विंडोज > लॉग्स > सेटअपडायग फोल्डरमधली निकालाची फाइल उघडा. अपयशानंतर विंडोज ती स्वतःच तयार करतं. मात्र ती क्वचितच कोणी उघडतं.

मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून २४एच२ चं अपडेट हातानं बसवणार असाल तर एक पेच आहे. सप्टेंबर २०२४ पासून चेकपॉइंट पद्धत आली. नवं पॅकेज मागच्या चेकपॉइंटपासूनचा फरकच घेऊन येतं, म्हणून कॅटलॉग दोन फाइली देतो. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा, तिथं दुसरं काही ठेवू नका. शिवाय ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर २०२४ ची अपडेट मिसळून बनवलेल्या यूएसबीवरून २४एच२ बसवलं असेल, तर पुढची सुरक्षा अपडेट अडायची. ती यूएसबी मोडीत काढा आणि डिसेंबर २०२४ किंवा नंतरच्या फाइलीतून बनवलेली वापरा.

सगळं करून थकलात तरी फॉरमॅट नको. सेटिंग्ज > सिस्टिम > रिकव्हरी > 'फिक्स प्रॉब्लेम्स यूजिंग विंडोज अपडेट' > 'रीइन्स्टॉल नाऊ'. विंडोजच्या फाइली नव्यानं बसतात; ॲप, सेटिंग्ज, कागदपत्रं जागेवर राहतात.

रात्रपाळी

बिटबाइटशी एका बाबतीत सहमत नाही. रीइन्स्टॉलला शेवटी ढकलू नका. डिसम एकदा चालवलं, आयएसओ देऊनही तोच कोड आला, तर तिथंच थांबून रीइन्स्टॉल करावं. तुटक्या स्टोअरला ठिगळं लावण्यात जाणारा अर्धा दिवस परत मिळत नाही, आणि पुढच्या महिन्यात ते पुन्हा उसवतं.

आणि फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शटडाउन' नं कर्नल (विंडोजचा गाभा) पूर्ण बंद होत नाही. अपडेटनंतर तपासणी करताना नेहमी 'रीस्टार्ट' च करा.

कळफलक

शेवटचं. ०एक्स८००७०६४३ हा कोड कुठल्याच यादीत नीट सापडत नाही. कोणी पार्टिशन वाढवायला सांगतं, कोणी डॉटनेट दुरुस्त करायला.

मूषक

दोघंही बरोबर असू शकतात. शेवटचं ६४३ हे षोडशमान पद्धतीत आहे. दशमानात ते १६०३ होतं, म्हणजे नुसतं 'बसवताना अपयश'. म्हणून आधी हिस्टरीत कोणतं अपडेट अडलंय ते वाचा.

नावात डॉटनेट असेल तर मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट फ्रेमवर्क रिपेअर टूल चालवा, पार्टिशनला हात लावू नका.

नावात रिकव्हरी एन्व्हायरनमेंट असेल तर जागेचा प्रश्न. ९ जानेवारी २०२४ ला विंडोज १० साठी आलेल्या केबी५०३४४४१ नं हा प्रकार सगळीकडे माहीत झाला: रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळे लागत होते, आणि बऱ्याच मशीनवर ते मुळातच लहान बनवलेलं होतं. वाढवायचं असेल तर आधी पूर्ण बॅकअप, मग:

'रीएजंटसी /इन्फो' नं पार्टिशनचा क्रमांक टिपून घ्या. पुढचं सगळं ते पार्टिशन सी च्या लगेच पुढे असेल तरच लागू आहे. 'रीएजंटसी /डिसेबल' करा. डिस्कपार्टमध्ये डिस्क निवडा, विंडोजचं पार्टिशन निवडा, 'श्रिंक डिझायर्ड=२५० मिनिमम=२५०'. मग रिकव्हरीचं पार्टिशन निवडून 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड'. ही ओळ मारण्याआधी क्रमांक दोनदा बघा. चुकीचा असेल तर ती विचारल्याशिवाय पुसते. जीपीटी आणि एमबीआर हे डिस्कच्या मांडणीचे दोन प्रकार. 'लिस्ट डिस्क' मध्ये जीपीटीच्या रकान्यात चांदणी असेल तर नवं पार्टिशन रिकव्हरीच्या जीपीटी आयडीनं बनवा, तो मायक्रोसॉफ्टच्या पार्टिशन वाढवण्याच्या सूचनेतून कॉपी करा, हातानं टाइप करू नका. चांदणी नसेल, म्हणजे एमबीआर, तर आयडी २७. 'फॉरमॅट क्विक एफएस=एनटीएफएस', बाहेर या, 'रीएजंटसी /एनेबल'.

पुन्हा '/इन्फो' बघा. स्टेटस एनेबल्ड आणि पत्त्यात नव्या पार्टिशनचा क्रमांक दिसला की मगच अपडेट पुन्हा लावा.